एकशे बारापासून

आवाजाची रेष सपाट होती. म्हणजे अगदी सुरुवातीला चार-पाच सेकंद बारीक डोंगर होते, कुणी बोललं की उमटतात तसे, आणि अगदी शेवटी पुन्हा थोडेसे, पण मधली साडेचार मिनिटं नुसती रेष, इकडून तिकडे, इस्त्री केल्यासारखी. गुरुवारी दुपारी सव्वाचार वाजता शाळेचा युनिफॉर्मही न बदलता मी लॅपटॉपसमोर उभी होते, हातात लोणी लावलेला ब्रेड होता, आणि आधी मला वाटलं की स्क्रीनवर केस पडलाय. मी तो बोटाने पुसायला गेले. लोणी स्क्रीनला लागलं, रेष तिथेच राहिली. त्याच क्षणी डाव्या बाजूला टेपरेकॉर्डरने खर्र केलं, आजारी माणूस घसा साफ करतो तसं, आणि तो थांबला. मिनिटभरापूर्वी मीच त्याला कॅसेट मागे गुंडाळायला लावलं होतं, कारण मी व्यवस्थित मुलगी आहे, आणि काम झालं की कॅसेट मागे गुंडाळून ठेवायची असं बाबाने मला तीनदा सांगितलं होतं. आधी लॅपटॉप बघितला असता आणि मग ते बटण दाबलं असतं तर. नुसता क्रम उलटा झाला. हे मी त्यानंतर मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता त्याला काही चवच उरली नाही, चघळून चघळून फिकट झालेल्या च्युइंगमसारखं ते तोंडात आहे आणि थुंकायला जागा नाही.

त्या कॅसेटवर माझ्या आत्याचा प्रोग्राम होता. आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण, पण तिला आत्या म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण आत्या म्हटलं की चष्मा आणि पर्स डोळ्यांसमोर येते, आणि ही सतरा वर्षांची होती. सतराव्या वर्षी, तीन दिवसांच्या तापात, गेली. मला आता पंधरा पूर्ण झाली. अजून दोन वर्षांनी मी आत्याएवढी होणार, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्याहून मोठी, आणि मग तिने मला काय म्हणायचं आणि मी तिला काय, हे कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. घरात तिचा फोटो एकच आहे. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, खाली बघतेय, मांडीवरच्या कीबोर्डकडे. तो कीबोर्ड म्हणजेच कॉम्प्युटर. हे मला आधी खरं वाटेना. तेव्हाचे घरगुती कॉम्प्युटर असेच असायचे म्हणे, एका जाड पुस्तकाएवढे, बटणं रबराची, खोडरबरासारखी दबणारी, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. त्याच्या पोटात काही साठवून ठेवायची सोयच नव्हती. वायर काढली की तो सगळं विसरायचा. म्हणून लिहिलेला प्रोग्राम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर काढून ठेवायचा, आणि पुन्हा हवा असला की कॅसेट वाजवून त्याला ऐकवायचा. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. म्हणजे त्याला रोज सकाळी सगळं पहिल्यापासून सांगायचं, असं एकाने विचारलं, आमच्या वॉचमनसारखं. मी पण हसले. आता वाटतं, कुणाला काही पुन्हा पहिल्यापासून सांगता येणं ही केवढी चैन आहे.

बाबा तेव्हा नऊ वर्षांचा होता. टेपरेकॉर्डरला एक छोटी खिडकी असते, त्यात तीन आकडे फिरतात. कुठला प्रोग्राम कुठल्या आकड्यापासून सुरू होतो हे लक्षात ठेवलं नाही तर सगळी कॅसेट उपसत बसायचं, म्हणून खिडकीवर नजर ठेवायची नोकरी बाबाची होती, बिनपगारी. आत्या त्याला टिंबू म्हणायची. कारण त्या पडद्यावर माणूस काढायला जागाच नसायची, तिच्या खेळातला हिरो म्हणजे एक काळा ठिपका, एक टिंब, आणि ते टिंब म्हणजे बाबा. टिंबूचा खेळ असंच त्या प्रोग्रामचं नाव. टिंबू डावीकडून निघतो, खड्डे येतात, उड्या मारायच्या, शेवटी उजव्या कोपऱ्यात एक दार आहे. दारापाशी पोचलं की काहीतरी होतं. काय होतं ते बाबाला माहीत नाही. तो कधी पोचलाच नाही. सहावा खड्डा त्याला पार करता यायचा नाही, आणि आत्या सांगायची नाही. खरं तर त्याला शोधून काढणं एका बटणाचं काम होतं. त्या मशिनवर एकेका बटणावर आख्खे हुकूम छापलेले असत, आणि त्यातलं एक दाबलं की प्रोग्रामच्या सगळ्या ओळी पडद्यावर यायच्या, दारामागचं गुपितसुद्धा. त्या बटणाचं नाव लिस्ट. आत्याने त्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि टिंबूकडून वचन घेतलं की याला हात लावायचा नाही, जिंकूनच बघायचं. त्यानंतर महिनाभरात ती गेली. मशीन खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं, आणि अडतीस वर्षं ती पट्टी त्या बटणावर तशीच राहिली, आधी पांढरी, मग पिवळी, मग चहाच्या रंगाची.

हे सगळं बाबाने मला एका दमात सांगितलं नाही. बाबा एका दमात काही सांगत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर बंद शाफ्टमध्ये कान लावून उभा असतो, कुठला रोलर झिजलाय ते आवाजावरून ओळखतो, आणि घरी आल्यावर जो काही थोडा आवाज शिल्लक असतो तो जपून वापरतो. त्याचं ठरलेलं वाक्य एकच. कुणी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबायला लागलं की तो हळूच म्हणतो, "एकदा दाबलं की पोचतं हो. दहादा दाबून ती लवकर नाही येत." अनोळखी माणसांनाही म्हणतो. आई म्हणते, हा माझ्या लग्नातही हेच बोलला. ही गोष्ट मी त्याच्याकडून दोन आठवडे लागून काढली, कधी बूट पुसताना, कधी भांडी विसळताना, एकेक वाक्य, चिमट्याने काढल्यासारखं. आणि मी काढू शकले कारण मी आता बोलते. हे सांगायला हवं. नववीपर्यंत मी वर्गात हात वर करत नसे; उत्तर येत असलं तरी हात बाकाखाली धरून ठेवायचे, जणू तो सुटून वर जाईल. मग गेल्या वर्षी एकदा सगळ्या शाळेसमोर बोलायची वेळ आली, जिला बोलायचं होतं तिचा घसा बसला म्हणून, आणि मी बोलले, आणि लोक हसले नेमके जिथे हसायला हवे होते तिथे. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. मला असं वाटायला लागलं होतं की जगात बंद पडलेलं जे जे आहे ते कुणीतरी धीटपणे जाऊन बटण दाबेल याचीच वाट बघतंय. शाळेत प्रकल्प होता, जुने कॉम्प्युटर आणि नवे कॉम्प्युटर. मी माळ्यावरून खोकं काढलं आणि बाबाच्या पुढ्यात ठेवलं.

"राहू दे ते," तो म्हणाला.

"बाबा, मी करते ना."

"काय करतेस?"

"सगळं."

तो हसला नाही. खोक्यातून त्याने कॅसेट काढली, लेबलावर बघितलं. लेबलावर निळ्या शाईत फक्त एक आकडा होता, एकशे बारा. "ही एकच आहे," तो म्हणाला. "हिची दुसरी नाही." मग पंधरा दिवस नाही, नको, कशाला. आणि मग एका सकाळी, मी दप्तर भरत असताना, "कर. पण जपून." ते तीन शब्द ऐकून मी इतकी खूश झाले की त्यातला पहिलाच मला ऐकू आला.

मशीन जिवंत केलं ते टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी, ज्यांना मी हजार-व्होल्ट म्हणते, कारण दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगतात, हात लावू नका, हजार व्होल्ट आहेत. त्यांनी वीजपुरवठ्याचा ठोकळा उघडला, आतला फुगलेला एक भाग बदलला, आणि वायर लावल्याबरोबर पडदा उजळला. लावल्याबरोबर म्हणजे खरंच लावल्याबरोबर. मी लॅपटॉप सुरू केला की ते गोल गोल फिरणारं चक्र येतं, मग स्वागत आहे, मग आम्ही काही सुधारणा करत आहोत, मग संगणक बंद करू नका, मग काय नवीन आहे ते बघायचंय का, आणि मी तेवढ्यात वेणी घालून होते. आत्याचं मशीन अडतीस वर्षं झोपलं होतं आणि एका सेकंदात तयार उभं राहिलं, रागावणं नाही, कुठे होता इतकी वर्षं विचारणं नाही. मी हिशेब केला होता प्रकल्पासाठी. माझ्या लॅपटॉपच्या मेमरीत तिच्या मशिनसारखी पावणेदोन लाख मशिनं मावतात. लॅपटॉपच्या पडद्यावर जो डोंगराचा फोटो आहे, तो एकटाच तिच्या मशिनमध्ये शिरला नसता, दारातच अडकला असता. हे मी फळ्याएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पावणेदोन लाख, आणि खाली लाल रेघ. कोण जिंकलं हे उघडच होतं असं मला वाटत होतं.

"कॅसेट जपून," हजार-व्होल्ट म्हणाले होते. "इतकी जुनी टेप एकदा वाजते. दुसऱ्यांदा वाजली तर तिचे उपकार. लॅपटॉपवर आवाज भरून घे, वायरने घे. आणि आवाज जसाच्या तसा ठेव. शहाणपणा करू नकोस."

वायर लावायला माझ्या लॅपटॉपला जागाच नव्हती. नव्या लॅपटॉपना बारीक दिसायची हौस, ती भोकं त्यांनी बुजवून टाकलीयत. मग मी विचार केला, अडलंय कुठे, लॅपटॉपला माइक आहे, रेकॉर्डर त्याच्या शेजारी ठेवायचा आणि वाजवायचा. फक्त पंखा होता, खाली रस्ता होता, कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. आणि नेमका तेव्हा लॅपटॉपने विचारलं, पार्श्वभूमीतला गोंगाट काढून टाकायचा का? किती समजूतदार, मला वाटलं. पंखा, रस्ता, खिळा. मी हो दाबलं. मी नेहमीच हो दाबते. दिवसातून पन्नास वेळा तो काहीतरी विचारतो, तुमची खात्री आहे का, पुढे जायचं का, परवानगी आहे का, आणि माझं बोट मला न विचारता हो म्हणतं. मग मी रेकॉर्डरचं बटण दाबलं. तो आवाज सुरू झाला, आधी लांबच लांब शिट्टी आणि मग करवतीने पत्रा कापल्यासारखं काहीतरी, दातांच्या मुळांत जाणारं, आणि मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात ब्रेडला लोणी लावायला गेले. भिंतीपलीकडे माझी आत्या साडेचार मिनिटं जिवाच्या आकांताने बोलत होती, आणि तिच्यासमोर बसलेलं पावणेदोन लाख पट हुशार यंत्र ते सगळं ऐकत होतं आणि गोंगाट म्हणून फेकून देत होतं, एकेक ओळ, एकेक खड्डा, आणि शेवटी दार.

मी रेकॉर्डर उघडला तेव्हा टेप रुळाभोवती गुंडाळली गेली होती. पेन्सिल घालून, नखांनी, श्वास धरून मी ती सोडवली. चुण्या पडल्या होत्या, आणि माझ्या बोटांना तपकिरी भुकटी लागली होती. तपकिरी रंग म्हणजेच तर टेपवर साठवलेलं सगळं. मी बोटं धुतली नाहीत. बराच वेळ हात पुढे धरून बसून राहिले, ओल्या मेंदीचे हात धरतात तसे.

"झालं?" बाबाने दारातूनच विचारलं, बूट काढता काढता.

"हो," मी म्हणाले. बोट जसं म्हणतं तसंच म्हणाले.

"सगळं आलं?"

"हो."

"मग मला आत्ता ऐकवू नकोस," तो म्हणाला. "रविवारी. नीट बसून."

शुक्रवारी तो संध्याकाळी एक छोटी पुडी घेऊन आला. नव्या टीव्हीला ते जुनं मशीन जोडायचा जोड, तीन दुकानं फिरून मिळवलेला. त्याने पुडी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, खिशात ठेवली. जेवताना त्याच्या डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर हलत होती. मी ताटातलं चिवडत त्या बोटांकडे बघत राहिले. एक बोट, दुसरं बोट, मग अंगठा. एक बोट, दुसरं बोट, मग अंगठा. डावीकडे, उजवीकडे, उडी. सहावा खड्डा. नऊ वर्षांचा असताना ज्या लयीत चुकायचा ती लय त्याच्या बोटांत अजून होती, आणि तो ती दुरुस्त करत होता, अंगठा जरा आधी, जरा आणखी आधी. माझ्या वयाच्या मुलांना वाटतं की मोठ्या माणसांना काही हवं नसतं. म्हणजे त्यांना घर हवं असतं, बढती हवी असते, आपण अभ्यास करावा असं हवं असतं. पण असं काही, बोटांच्या टोकांना हवं असलेलं, मी बाबात कधी बघितलं नव्हतं. आणि ते मी जागं केलं होतं. तो विसरला नव्हता तरी निजवून बसला होता, अडतीस वर्षं, माळ्यावर, आणि मीच खोकं काढलं होतं.

आई चष्म्याच्या दुकानात काम करते, तिला कुणाला काय दिसत नाहीये ते लगेच दिसतं. "काय गं," ती म्हणाली, "वर्षभरात पहिल्यांदाच या घरात फ्रिजचा आवाज ऐकू येतोय. घसा बसला का तुझा?"

"नाही."

"मग फ्यूज उडाला?"

"अगं, थकली असेल," बाबा म्हणाला. "केवढं केलं तिने." आणि त्याने माझ्या ताटात त्याच्या वाटणीचा अर्धा बटाटा सरकवला. तो मी खाल्ला. घशातून उतरताना त्याला कोपरे होते.

शनिवारी अर्धी शाळा असते. मी तशीच दप्तरासकट हजार-व्होल्टच्या दुकानात गेले आणि कॅसेट त्यांच्या काउंटरवर ठेवली. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं, आणि पट्टी दोन बोटांत धरून हळूहळू पुढे घेत राहिले. कुठे कुठे पट्टी आरपार दिसत होती, स्वच्छ, काचेसारखी.

"वायरने घे म्हटलं होतं."

"माझ्या लॅपटॉपला तसं भोकच नाही, काका."

"मग विचारायचं. माझ्याकडे सगळ्या पिढ्यांचे जोड आहेत." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "लॅपटॉपात काय आलं?"

मी सांगितलं. गोंगाट, हो, रेष. सांगताना मला वाटलं ते ओरडतील, आणि मला ते हवंच होतं, कुणीतरी एकदाचं ओरडावं. पण ते नुसते मानेला हात लावून बसले.

"हे जोडता येईल?" मी विचारलं. "चुण्या काढून? तुम्हाला येतं सगळं."

"जोडून देतो की. वाजेल पण. पण बघ, हे गाणं असतं ना, तर चाललं असतं. गाण्यात मधला एक सूर गेला तर आपण मनात भरून घेतो. याला मन नाही. यात एक टिकली गेली की ते मशीन म्हणतं, मला कळलं नाही, आणि थांबतं. आणि इथे एक नाही गेली, पोरी." त्यांनी कॅसेट डबीत घातली, डबी माझ्या हातात दिली, आणि माझी मूठ वरून मिटली. "वडिलांना सांगितलंस?"

"नाही."

"सांग. आज सांग. त्यांनी तो जोड माझ्याकडूनच नेला काल. दोनदा विचारलं, चित्र स्वच्छ येईल ना."

मी सांगितलं नाही. दुकानापासून घरापर्यंत अकरा मिनिटं लागतात आणि त्या अकरा मिनिटांत मी ते बावीस प्रकारे सांगून बघितलं. बोलता येणारी मुलगी मी, चारशे मुलांसमोर न अडखळता बोललेली. पहिल्यांदाच मला कळलं की मला येत होतं ते वाजणं. रेकॉर्डर वाजतो तसं. जिच्या जागी उभी राहिले होते तिने लिहून ठेवलेलं भाषण मी पाठ म्हटलं होतं. स्वतःची पाच-सहा शब्दांची एक गोष्ट एका माणसाला सांगणं, ज्याने माझ्यासाठी बटाटा सरकवला, ते मला येत नव्हतं. मला दहा वेळा असंही वाटलं की सांगायलाच नको. मीच एक खेळ लिहीन. टिंब, खड्डे, दार. चाळीसेक ओळी, एका दुपारचं काम आहे, मला येतं तेवढं. दारामागे काहीतरी छान लिहीन. त्याला काय कळणार आहे? आणि लॅपटॉप उघडून मी खरंच बसले, पहिल्या दोन ओळी लिहिल्या, आणि दारापाशी येऊन थांबले. सतरा वर्षांच्या मुलीने नऊ वर्षांच्या भावासाठी काय लिहिलं असेल? शाब्बास? गाढवा? माझ्या कपाटात चॉकलेट आहे? मला भाऊ नाही. मला काहीच सुचेना. त्या खोट्या दारामागे नुसती मी उभी होते, हातात लोणी लावलेला ब्रेड घेऊन. मी ते पुसून टाकलं. लॅपटॉपने विचारलं, तुमची खात्री आहे का? आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रश्न शेवटपर्यंत वाचला.

रविवारी सकाळी अकराला बाबाने दाढी केली होती. टीव्हीसमोर पाट ठेवला होता, पाटावर आत्याचं मशीन, शेजारी माझा लॅपटॉप उघडा, आणि स्वतः खाली मांडी घालून बसला होता, पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे कुरकुरत असताना. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. टीव्हीच्या पांढऱ्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात ती काळी टिकली उघडझाप करत होती. मशीन तयार होतं. ते नेहमीच तयार असतं.

"हं," बाबा म्हणाला. "सोड."

"बाबा, नाहीये," मी म्हणाले.

"काय नाहीये?"

"प्रोग्राम नाहीये. आला नाही. मी चुकीचं बटण दाबलं. लॅपटॉपने गोंगाट समजून काढून टाकला. आणि टेप पण गेली, मी मागे गुंडाळली तेव्हा. गुरुवारीच."

माझ्या बावीस प्रकारांत हा नव्हता. बाबाने माझ्याकडे बघितलं नाही. तो टीव्हीकडेच बघत होता. आईने चौकट सोडली आणि पुन्हा धरली.

"काहीच नाही आलं?" त्याने विचारलं, अगदी हळू, शाफ्टच्या तळातून आल्यासारखं.

"सुरुवातीला थोडं आहे. आणि शेवटी. माणसाचा आवाज आहे असं वाटतं. मी ऐकलं नाही. माझ्याने ऐकवलं नाही."

"लाव."

मी लावलं. आधी एक श्वास ऐकू आला, जवळून. मग मुलीचा आवाज, किंचित नाकातला, घाईतला, मजेत असलेला. प्रोग्राम तीन. टिंबूचा खेळ. एकशे बारापासून. इतका स्वच्छ होता तो आवाज. लॅपटॉपने पंखा काढला होता, रस्ता काढला होता, टेपची अडतीस वर्षांची खरखर काढली होती, आणि ती आमच्या खोलीत बसल्यासारखी बोलली. मग सगळं थांबलं. रेष सुरू झाली. मी शेवटच्या डोंगरांकडे जायला बोट पुढे केलं तर बाबाने माझं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "तेवढा वेळ लागतो."

साडेचार मिनिटं आम्ही तिघं तिथे बसलो. काही वाजत नव्हतं. बाबाने माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि तो टीव्हीकडे बघत होता, खेळ भरायची वाट बघत बसतात तसा. मला वाटतं त्याला ऐकू येत होतं. ती शिट्टी, तो पत्रा, सगळं. मधे एकदा त्याची मान किंचित हलली, जणू अमुक जागा आली, आता थोडंच राहिलं. मी दार लावून ज्याच्यापासून पळाले होते ते मी आता कानात प्राण आणून शोधत होते आणि तिथे फक्त आमच्या फ्रिजचा आवाज होता. मग एकदम खुट्ट झालं आणि दोन माणसं बोलायला लागली.

"झालं. बंद कर."

"ताई, शेवटी काय आहे ते सांग ना." हा लहान मुलाचा आवाज होता. चिरका, सर्दी झालेला.

"जिंक, मग कळेल."

"मला नाही येत जिंकता."

"येईल रे. तुला काय एवढी घाई आहे? बंद कर आधी, कॅसेट फुकट जातेय."

खट्. रेष संपली. लॅपटॉपने विचारलं, पुन्हा ऐकायचं आहे का? कुणीच काही दाबलं नाही.

"तो मी," बाबा म्हणाला. जणू आम्हाला कळलं नसतं. मग तो पुढे वाकला, आणि मला वाटलं तो मशीन बंद करणार. पण त्याने अंगठ्याचं नख त्या चहाच्या रंगाच्या चिकटपट्टीखाली घातलं. ती निघाली सुद्धा नाही, चुरा झाला तिचा, आणि तो चुरा त्याने फुंकर मारून बाजूला केला. खाली बटण होतं, बाकीच्या बटणांपेक्षा स्वच्छ, अक्षरं नवी कोरी, अडतीस वर्षं कुणीच न दाबलेलं. त्याने ते दाबलं, आणि मग हुकूम पूर्ण करायचं बटण दाबलं. लिस्ट.

त्या मशिनने विचारलं नाही की तुमची खात्री आहे का. त्याने लगेच उत्तर दिलं. पडद्यावर एकही ओळ आली नाही, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकच शब्द उमटला, ओके.

बाबाने ते पुन्हा दाबलं. ओके. पुन्हा दाबलं. मी त्याच्या शेजारी खाली बसले. मला खूप काही बोलता आलं असतं. त्याने पुन्हा दाबलं, आणि पुन्हा, बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभी असलेली माणसं दाबतात तसं, आणि एकदा दाबलं की पोचतं हे त्याला त्या घरात कुणीच सांगितलं नाही.